तुरुंगातला फोन आणि वस्तीतले घर

आपल्या चळवळीच्या आठवणींत तुरुंगाला मानाचे स्थान आहे. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली जो भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यात लाखांवर स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. नामांतराच्या लढ्यातही गावोगावचे तरुण गजाआड झाले. त्या तुरुंगातून परतलेल्या माणसाला वस्तीने हार घातले, त्याच्या घरी कोणी धान्य पोहोचवले, कोणी त्याच्या लेकरांच्या शाळेची चौकशी केली.

पण आपल्याच वस्तीतून दुसऱ्या एका तुरुंगात माणसे जात असतात. चोरीचा आळ, दारूची केस, जंगलातून आणलेली लाकडे, धुऱ्यावरची मारामारी, कधी खरा गुन्हा, तर कधी केवळ नावावर टाकलेला. या तुरुंगातून येणाऱ्याला हार नसतात आणि जो आत आहे त्याच्या घराकडे कोणी फिरकत नाही. कार्यकर्तेही फिरकत नाहीत, हे आपण मान्य केले पाहिजे. त्या घराशी तुरुंगाचा जो एक बारीक धागा उरतो, तो म्हणजे आतून येणारा फोन. हा फोन कसा येतो, कोणाकडे येतो आणि कोणाकडे येत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवतो. माझ्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. अशा माणसाकडे वस्तीतले लोक जे कागद घेऊन येतात ते फक्त शिष्यवृत्तीचे नसतात. कोर्टाची नोटीस येते, वकिलाची चिठ्ठी येते, तुरुंगात द्यावयाचा अर्ज येतो. हे कागद वाचता वाचता जे ध्यानात आले ते येथे मांडत आहे.

प्रथम प्रश्नाचा आकार पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांतली ४,३४,३०२ म्हणजे शंभरातली जवळजवळ शहात्तर कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नव्हता. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींचा वाटा १६.६ टक्के, तुरुंगांत मात्र तो पाचव्या हिश्श्याच्या घरात जातो. आत गेल्यावरही जात सुटत नव्हती. झाडूकाम कोणाला आणि स्वयंपाक कोणाला, हे जातीवरून ठरवणारे तुरुंग-नियम सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना, घटनाबाह्य ठरवले. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी! तेव्हा तुरुंगातला फोन हा आपल्या समाजाचा घरगुती प्रश्न आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

आता कायद्याकडे येऊ. १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या कलम ४० मध्ये कच्च्या कैद्याला ज्यांच्याशी बोलावेसे वाटते त्यांना योग्य वेळी भेटू देण्याची तरतूद इंग्रजांनीही केली होती. पण त्या काळाची कल्पना भेट आणि पत्र यापलीकडे जात नव्हती. बंद्यांच्या सुविधांविषयीचे महाराष्ट्राचे १९६२ चे नियमही पत्रे आणि मुलाखती यांभोवतीच फिरतात. (तुरुंगातल्या भेटीला आपल्याकडे ‘मुलाखत’ म्हणतात; नवख्या वाचकाने घोटाळ्यात पडू नये.) पुढे न्यायालयांनी या सवलतीला हक्काचे रूप दिले. दिल्लीच्या तुरुंगातून सुनील बत्रा या कैद्याने दुसऱ्या एका कैद्याच्या छळाविषयी न्यायमूर्तींना पत्र लिहिले आणि ते पत्रच याचिका म्हणून चालले. त्या निकालात कैद्याला आप्तांची भेट मिळणे महत्त्वाचे मानले गेले. जानेवारी १९८१ मध्ये फ्रान्सिस कोरॅली मुलिन खटल्यात न्यायमूर्ती भगवतींनी स्पष्ट सांगितले की कुटुंबीयांना आणि मित्रांना भेटणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. जगणे म्हणजे केवळ श्वास चालू असणे नव्हे, हा त्या निकालाचा गाभा.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. सुनील बत्राला पत्र लिहिता येत होते. ज्याला लिहिता येत नाही, ज्याच्या घरी आलेले पत्र वाचायला शेजारच्या पोराला बोलवावे लागते, त्याला पत्राचा हक्क अर्धाच मिळतो. आतला मजकूर दुसऱ्याच्या हाताने लिहिला जातो, अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जातो आणि बाहेर तिसऱ्याच्या तोंडून ऐकला जातो. नवरा-बायकोचे बोलणे असे तीन परक्यांमधून जात असेल, तर त्यात बोलण्यासारखे काय उरणार? फोनने निरक्षराला त्याचा स्वतःचा आवाज दिला. म्हणून फोनचे महत्त्व शिकलेल्यापेक्षा न शिकलेल्याला अधिक आहे.

आपल्या जिल्ह्यात त्याला आणखी एक कारण आहे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघाला. पण येथल्या न्यायालयांतून कच्चे कैदी भंडाऱ्याच्या जिल्हा कारागृहात जात आले, आणि लांब शिक्षेचे नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात. नकाशावर हे अंतर मोठे दिसत नाही. गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे एकशेतीस किलोमीटर. परंतु सालेकशाच्या किंवा अर्जुनी-मोरगावच्या आतल्या गावातून निघालेल्या बाईला आधी स्टेशन गाठायचे असते. भंडाऱ्याला जायचे तर भंडारा रोड स्टेशन वरठीला, शहर तेथून आणखी दहाएक किलोमीटर. देवरीकडची माणसे साकोलीवरून एस.टी.ने जातात. मुलाखतीसाठी नाव नोंदवायचे, नंबर लागेपर्यंत फाटकाबाहेर बसायचे, जाळीपलीकडे काही मिनिटे बोलायचे आणि संध्याकाळची गाडी पकडायची. त्या दिवसाची मजुरी बुडते आणि भाड्याचे पैसे उसने आणलेले असतात. रोवणीच्या दिवसांत किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात एक दिवस बुडणे म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही.

पूर्वी कोर्टाची तारीख ही भेटीची दुसरी जागा होती. कैद्याला कोर्टात आणले की आवारात त्याची माय डबा घेऊन उभी असे. शिपायाला विनवून दोन शब्द बोलता येत. आता अनेक तारखांना कैद्याला पडद्यावरूनच न्यायाधीशापुढे हजर करतात. सरकारचा पोलीस-बंदोबस्त आणि डिझेल वाचते, परंतु मायची भेट जाते. जे वाचले त्याचा हिशेब होतो, जे गेले त्याचा होत नाही. म्हणून फोन अधिकच मोलाचा झाला आहे.

तुरुंगात फोन आला तो उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी. आधी काही कारागृहांत नाणे टाकून बोलण्याचे डबे लागले. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीने कैद्याला पैसे भरून घरच्यांशी व वकिलाशी फोनवर बोलू देण्याची शिफारस केली. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे मुलाखती बंद पडल्या आणि एका झटक्यात फोन व व्हिडिओ कॉल हाच घराशी एकमेव दुवा राहिला. वर्षानुवर्षे जे अशक्य म्हणून सांगितले जात होते ते काही आठवड्यांत शक्य झाले, हे कार्यकर्त्यांनी विसरू नये. २०२३ मध्ये येरवड्याच्या कारागृहात स्मार्ट कार्डावर चालणारे फोन बसवले गेले आणि ती पद्धत राज्यात इतरत्रही नेण्यात आली. याखेरीज ‘ई-मुलाखत’ ही सरकारी संगणक-व्यवस्था आहे. तिच्यावर नातेवाइकाने नाव, नाते आणि ओळखपत्र नोंदवायचे, तुरुंगाने मंजुरी द्यायची आणि ठरल्या वेळी मोबाइलच्या पडद्यावर भेट व्हायची.

साध्या फोनची रीत सर्वसाधारणपणे अशी. कैदी तुरुंग अधीक्षकाकडे अर्ज करतो आणि घरच्यांचे व वकिलाचे मोजके नंबर देतो. ते नंबर खरोखर त्याच माणसांचे आहेत का, याची पडताळणी होते. मंजुरी मिळाली की कैद्याच्या खात्यातल्या पैशांतून त्याला ठराविक दिवशी ठराविक मिनिटे बोलता येते. खात्यात पैसे येतात ते घरून पाठवलेले किंवा आत काम करून मिळालेले. बोलणे नोंदले जाते किंवा ऐकले जाते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हा रस्ता एकेरी आहे. आतून बाहेर फोन येतो. बाहेरून आत लागत नाही.

ही रीत वाचताना सरळ वाटते. शिक्षकाच्या, कारकुनाच्या, दुकानदाराच्या घरी ती सरळ चालतेही. पण तिच्या प्रत्येक पायरीमागे एक विशिष्ट घर गृहीत धरलेले आहे. त्या घरात प्रत्येकाच्या नावाचा फोन आहे, प्रत्येकाचे कागद जुळणारे आहेत, दुपारी कोणी तरी रिकामे बसलेले आहे. आमच्या वस्तीतले घर असे नसते. माझे म्हणणे इतकेच आहे, की सुविधा सर्वांसाठी लिहिलेली असते, परंतु ती ज्याच्याजवळ कागद आहे त्याच्या दाराशी थांबते.

पहिली अडचण नावाची. माझ्या ओळखीच्या एका विडी वळणाऱ्या बाईंचा मुलगा कच्चा कैदी म्हणून आत होता. त्याने आईचा नंबर दिला. पडताळणीत तो नंबर आईच्या नावावर नसल्याचे निघाले आणि मंजुरी अडली. बाई मला म्हणाल्या, “सर, फोन माह्या हातात हाये, पन नाव दिराचं हाये म्हनते.” वस्तीत हे घरोघरी आहे. सिमकार्ड ज्याचे आधार कार्ड त्या दिवशी खिशात होते त्याच्या नावावर निघते. पुढे तो फोन सून वापरते, सासू वापरते, शाळकरी पोरगी वापरते. बायकांच्या कागदांवर माहेरचे नाव एके ठिकाणी आणि सासरचे दुसऱ्या ठिकाणी. पाट लावलेल्या किंवा नोंदणीविना एकत्र राहिलेल्या बाईला ‘पत्नी’ हे नाते कागदावर दाखवता येत नाही. ज्या समाजाला शतकानुशतके नोंदीबाहेर ठेवले, त्याच्याकडे आता नोंद मागितली जाते.

दुसरी अडचण वेळेची. फोन तुरुंगाच्या सोयीने, बहुधा दिवसा, येतो. त्या वेळी बाई परे उपटत असते, जंगलात पाने तोडत असते किंवा राईस मिलच्या आवाजात असते. काही गावांत फोनची रेंज झाडाखालच्या एका जागेपुरती. फोन चुकला की उलट लावता येत नाही. आतल्या माणसाला वाटते घरच्यांनी टाकले, आणि बाहेरच्या बाईला दिवसभर घशाखाली घास उतरत नाही.

तिसरी अडचण भाषेची. बोलणे ऐकायचे म्हणजे ऐकणाऱ्याला ते समजले पाहिजे, हा तुरुंगाचा तर्क. देवरी-सालेकशाकडचा गोंड कैदी आपल्या आईशी गोंडीत बोलणार की मोडक्या मराठीत? रडणे कोणत्या भाषेत करावे, हेही परवानगीचे व्हावे काय?

आणि त्या मिनिटांत बोलले काय जाते? शहरी वाचकाला वाटेल, सुखदुःख. मी जे ऐकले आहे त्यात सुखदुःखाला जागा थोडी असते. वकील आला होता का? तारीख कधीची? हमीदार मिळाला का? हमीदार म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा आहे, घरपट्टीची पावती आहे असा माणूस. भूमिहीनाने तो कोठून आणावा? गावात ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्याकडेच जावे लागते, आणि हमीची परतफेड पुढे बिनमजुरीच्या कामात होते. अशा रीतीने जमिनीचा प्रश्न तुरुंगाच्या फोनमध्येही बोलतो. १९६४ च्या सत्याग्रहाची मागणी अपुरी राहिल्याचा हा एक पुरावाच आहे.

लाजेचाही भाग आहे. फोन आला की बाई घरामागे जाते. पोरांना ‘बाप नागपूरला कामाला आहे’ असे सांगितलेले असते. वर्गात अचानक गप्प झालेला, दांड्या मारणारा विद्यार्थी पाहून आपण शिक्षक ‘लक्ष नाही’ असा शेरा मारतो. त्याच्या घरी आठवड्यातून ठराविक वाराला एक फोन येतो आणि त्या दिवशी तो पोरगा रेंजची जागा धरून उभा असतो, हे आपल्याला कोण सांगणार?

अमेरिकेतील एक उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. मार्था राइट या वॉशिंग्टनमधल्या काळ्या, वृद्ध, दृष्टी गेलेल्या आजीबाई. तुरुंगातल्या नातवाशी बोलण्याचा खर्च त्यांना झेपेना, कारण खासगी कंपन्या या फोनला भरमसाट दर लावत आणि त्यातला वाटा तुरुंगांनाही मिळे. २००० मध्ये त्या इतर कुटुंबांसह न्यायालयात गेल्या. तेथून प्रकरण दूरसंचार आयोगाकडे गेले. २०१३ मध्ये आयोगाने काही दरांना मर्यादा घातली. राइटबाई २०१५ मध्ये वारल्या. पण त्यांच्या नावाचा कायदा जानेवारी २०२३ मध्ये झाला. कनेक्टिकट राज्याने तर २०२१ मध्ये कायदा करून तुरुंगातले फोन मोफत केले. ब्लॅक पँथरपासून आपण नाव घेतले, त्यांच्या कविता वाचल्या. त्या समाजातील एका आजीने फोनच्या बिलावरून उभा केलेला हा लढाही आपण वाचला पाहिजे. कैद्याचा फोन हा कुटुंबाचा हक्क आहे, हे तिने सिद्ध केले.

आता दुसरी बाजू. तुरुंग प्रशासन म्हणते, फोनवरून साक्षीदारांना धमक्या जातात, खंडणी मागितली जाते. हे म्हणणे उडवून लावता येणार नाही. निदान आपल्याला तरी नाही. २९ सप्टेंबर २००६ चे खैरलांजी आपल्या शेजारचे आहे. अत्याचाराच्या खटल्यात आत असलेला आरोपीही याच फोनचा हक्कदार असतो, आणि गावात एकाकी पडलेला साक्षीदार आपला असतो. म्हणून नंबरांची पडताळणी नको, असे मी म्हणणार नाही. पण पडताळणीचा अर्थ माणूस ओळखणे असा आहे. सिमकार्डावरचे नाव वाचणे असा नाही. पोलीस पाटील, ग्रामसेवक, शाळेचा मुख्याध्यापक यांच्या दाखल्यावर ‘हा फोन हीच आई वापरते’ हे ठरवता येते. शिवाय उघड, नोंदलेला फोन सहज मिळाला तर चोरून आत नेलेल्या मोबाइलचा बाजार कमी होईल. त्या बाजारात पैसेवाल्याला कधीच अडचण नव्हती. नियम कडक झाला की सापडतो तो गरीबच.

कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक यांना हातात घेता येतील अशी कामे थोडी आहेत, पण नेमकी आहेत. ज्या घरातला माणूस आत आहे त्या घरातील बाईच्या स्वतःच्या नावाने सिमकार्ड काढून द्यावे आणि तिच्या कागदांतली नावे जुळवून द्यावीत. पडताळणी अडली तर अधीक्षकांना लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी, कारण तोंडी नकाराला उत्तर देता येत नाही. ई-मुलाखतीची नोंदणी महाविद्यालयातला कोणताही विद्यार्थी दहा मिनिटांत करून देऊ शकतो. आठवड्यातून एक तास त्यासाठी ठेवावा. घरात मृत्यू किंवा गंभीर आजार झाला तर फोनची वाट पाहत बसू नये. कारागृहाच्या कार्यालयाला त्याच दिवशी लेखी कळवून त्याची प्रत वकिलाला द्यावी. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे; १५१०० हा त्याचा देशभरचा नंबर वस्तीच्या विहाराच्या भिंतीवर लिहावा. जामिनाची रक्कम भरता येत नाही म्हणून अडकलेल्या गरीब कच्च्या कैद्याला आणि दंड न भरल्याने अडकलेल्या शिक्षाबंद्याला पैशांची मदत देणारी केंद्राची योजना २०२३ पासून आहे आणि तिची समिती जिल्हा पातळीवर असते. पहिल्याच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर काही अपवाद वगळता, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खाली त्याची सुटका मागता येते. ही माहिती त्या काही मिनिटांच्या फोनवर आत पोहोचली तर त्या फोनचे सार्थक होईल.

मागण्याही लहानच आहेत. फोनची एक वेळ संध्याकाळी, कामावरून माणसे परतल्यावर असावी. चुकलेल्या फोनचे मिनिट वजा होऊ नये. ज्याच्या खात्यात पैसे नाहीत त्याला आठवड्यातून एक फोन मोफत असावा. मातृभाषेत बोलण्यास आडकाठी नसावी. यांतल्या एकाही मागणीने तुरुंगाची भिंत ढासळत नाही.

न्यायालयाने माणसाला कोठडी दिली असेल. त्याच्या आईला, बायकोला, लेकराला दिलेली नाही. तरीही कागदाअभावी ती माणसे त्याच्याबरोबर शिक्षा भोगत राहतात, आणि या शिक्षेचा निकाल कोणत्याही न्यायाधीशाने लिहिलेला नसतो. चळवळीच्या तुरुंगातून आलेल्याच्या घरी आपण गेलो, ते योग्यच केले. आता या दुसऱ्या घरांची दारे आपण ठोठावली पाहिजेत.